उजवा पंख, दोनदा

३० ऑगस्ट, शनिवार
बोटींचा धक्का, बायू सेल

मेरिली,

पाकीट न उघडता फेकायचं असेल तर फेक, पण आधी त्याच्यावरचं तिकीट सोडवून घे. निळा बगळा आहे. पोस्टातल्या बाईंना झेंड्याची तिकिटं परत देऊन हे मागून घेतलं. त्या म्हणाल्या, "टॅलवा स्टेट कॉलेजचा दिसतोस." मी म्हटलं, "होतो."

फोनवर तू मला बंद केलंस. ठीक आहे. पण टपालवाल्याला कुणी बंद करू शकत नाही.

आज फुटबॉलच्या मोसमातला पहिला सामना. अकरा वाजलेत. स्टेडियमबाहेर तिसऱ्या ओकच्या झाडाखाली तुझ्या बाबांनी कालपासून धुरी दिलेला डुकराचा खांदा आता उघडला असेल आणि ते हाताने मांस सोडवत येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत असतील. तुझी आत्या मोत्यांची माळ घालून त्या धुरात उभी असेल. आता बँड निघेल. बँडच्या पुढे गस चालेल, आपल्या संघाचं सोंग, सात फुटांचा निळा बगळा, आणि पोरं त्याच्या चोचीला हात लावायला बापांच्या खांद्यावरून लोंबतील. गेली दोन वर्षं त्या पिसांच्या आत अर्धा सामना तू असायचीस आणि अर्धा मी, आणि हे आपण दोघं आणि ती जुनी पिसं, म्हणजे आपल्याआधी गस झालेले, एवढे सोडून गावात कुणालाही माहीत नव्हतं. तुझ्या बाबांनासुद्धा नाही! ते मला म्हणायचे, "पोरा, तू दर सामन्याला अर्धा वेळ कुठे गायब होतोस रे? मुलगी आहे का कुणी?" मी म्हणायचो, "हो सर, आहे." खोटं कुठे बोललो?

त्यांनी दर सामन्याला खाऊ घातलेल्या त्या मांसासाठी त्यांचे आभार मानायचे राहिले. निघताना मी त्यांच्याशीही नीट बोललो नाही. माझ्यातर्फे सांग. नाही सांगितलंस तरी चालेल.

आणि त्या दिवसाबद्दल एवढंच, की मी धावत आलो ते तुझ्यासाठी. तेवढं तरी मान.

हार्लन

१३ सप्टेंबर, शनिवार
बोटीवरून

मेरिली,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. (वाटलं होतं.)

मी कुठे आहे ते सांगतो. कोळंबीच्या बोटीवर. कॅप्टन लाम म्हणून आहेत. त्यांचे वडील व्हिएतनामहून इथे आले आणि आल्या वर्षीच कुणीतरी त्यांना टॅलवाची टोपी दिली. तीच टोपी कॅप्टनच्या डोक्यावर आहे. मोसम संपेपर्यंत ती धुवायची नाही असा नियम, आणि कोळंबीच्या बोटीवरची टोपी, मग वासाचा अंदाज कर. ते मला नावाने हाक मारत नाहीत. "ए कॉलेजवाल्या!" म्हणतात. मी म्हटलं, "कॉलेज सोडलंय मी." म्हणाले, "मग ए सोडलेल्या म्हणू?"

शनिवारी आम्ही किनारा फार सोडत नाही, कारण रेडिओ लागला पाहिजे. समोरच्या संघाने गोलाच्या खांबांमधून चेंडू मारायला घेतला की कॅप्टन सुकाणू धरून एका पायावर उभे राहतात. एकसष्ट वर्षांचा माणूस, हलती बोट, एक पाय! मला ओरडतात, "पाय उचल! तुझ्यामुळे जाईल तो चेंडू आत!" मी उचलतो. तिकडे स्टेडियममध्ये चाळीस हजार माणसं बगळ्यासारखी एका पायावर आणि इकडे आम्ही दोघं. गेल्या शनिवारी चेंडू खांबाला लागून परतला. कॅप्टन म्हणाले, "बघितलंस? तुझा पाय."

शेवटची दोन मिनिटं राहिली की मात्र ते रेडिओ बंद करतात आणि त्याच्यावर टोपी पालथी घालतात. त्यांनी शेवट ऐकला की टॅलवा हरतं, असा सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे म्हणे. निकाल आम्हाला धक्क्यावर बर्फवाला सांगतो.

मला हसू येतं, आणि मग तुझं बोलणं ऐकू येतं. तू मला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतंस आठवतं? गसची पिसं शिवणाऱ्या मिस व्हर्नेलच्या खोलीत, बर्फाच्या पिशव्यांची ती बंडी माझ्या अंगावर बांधताना: "आत शिरलास की तू नाहीस. तुला राग आला तर तो गसचा राग नाही. तुला घाम आला तर गसला येत नाही. आणि बोलायचं नाही, जीव गेला तरी नाही." माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला तू दोन वर्षं गप्प राहायला शिकवलंस. घरी, शाळेत, चर्चमध्ये कुणाला जमलं नव्हतं ते. त्या गप्प राहण्यात मला पहिल्यांदा माणसं दिसली. चोचीच्या जाळीतून दिसायची तेवढीच, पण दिसली.

त्याबद्दल आभार. खरे.

हार्लन

४ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी

मेरिली,

मी ठरवलं होतं की त्या दिवसाचं लिहायचं नाही. पण लिहितो, कारण न लिहिता नुसतेच आभार मानत बसणं म्हणजे दारात उभं राहून हवापाण्याच्या गप्पा.

गेल्या वर्षीचा मार्बरीचा सामना. तिसरा भाग. पिसांत तू, सोबती म्हणून मी, निळा शर्ट घालून तुझ्या मागे दहा पावलांवर. मार्बरीवाले चेंडू मारायला उभे राहिले, सगळं स्टेडियम एका पायावर, तूही एका पायावर. तेवढ्यात तो पिवळ्या सदऱ्यातला दारुडा कठडा ओलांडून आला आणि त्याने तुझी मान पकडून खाली ओढली. तू पडलीस. शेपटीची पिसं उडाली. मी त्याला मारलं. एकदाच, पण बसलं. मग मी तुझ्याजवळ गुडघ्यावर बसलो.

आपल्या खुणा दोनच. चोचीला हात म्हणजे 'मला बोगद्यात ने'. उजवा पंख दोनदा वर म्हणजे 'मी ठीक आहे, जा'. त्या गोंधळात तू काय केलंस, पंख हलला की नाही, मला नीट दिसलं नाही. मला वाटलं तुझा श्वास अडकलाय. म्हणून मी गसचं डोकं काढलं.

बाकी तुला माहीत आहे. मोठ्या पडद्यावर तुझा चेहरा, कपाळाला चिकटलेले केस. चाळीस हजार पाय एकदम खाली टेकले, तो आवाज. ढग गडगडावा तसा नाही. मोठ्या घरात कुणीतरी दार हळूच लावावं तसा. पहिल्या रांगेतली ती पुठ्ठ्याची चोच लावलेली मुलगी आईला विचारत होती, "गस मेला का?"

दिसलं असतं तर काढलं नसतं. एवढंच सांगायचं होतं.

हार्लन

५ ऑक्टोबर, रविवार

मेरिली,

कालचं पत्र टाकून झालंय, परत घेता येत नाही. तुला आधी ते मिळेल, मग हे. त्यातली एक ओळ खोटी आहे. कुठली ते तुला माझ्याआधी कळलं असेल.

काल दुपारी काय झालं ते ऐक. जाळं वर येत होतं. कॅप्टन वाकून दोर मोकळा करत होते आणि मी दोर ओढणाऱ्या चक्राशी. त्यांची बाही दोरापाशी गेलेली दिसली. त्यांनी हात वर केला, पंजा उघडा. आमच्यात त्याचा अर्थ 'चालू ठेव, मी बघतोय'. मी बघितलं. आणि चक्र बंद केलं. जाळं झोल खाऊन बोटीच्या बुडाशी गेलं आणि फाटलं. अख्खी खेप समुद्रात.

मला वाटलं मारतील. ते टोपी काढून बसले. म्हणाले, "माझा हात दिसला होता?"

"हो."

"मग?"

"मला वाटलं तुमचा हात अडकतोय. भीती वाटली."

"कॉलेजवाल्या, हात माझा आहे ना? कधी ओरडायचं ते मला कळतं. मी सांगतोय की ठीक आहे, आणि तुझी भीती माझ्यापेक्षा शहाणी? तू मला वाचवत नव्हतास. तू मला गप्प करत होतास."

मग त्यांनी मला सुई दिली आणि आम्ही संध्याकाळपर्यंत जाळं शिवत बसलो. शेजारी रेडिओवर सामना चालू. एकदाच बोलले, "पाय उचल."

मेरिली, तुझा पंख मला दिसला होता. उजवा, दोनदा. अगदी स्वच्छ. दुसऱ्या वेळेला तर तू रागाने हलवलास, म्हणजे 'गाढवा, ऊठ इथून.' मला कळलं होतं.

तरी मी डोकं काढलं. का, ते मी अकरा महिने कुणाला सांगितलं नाही, स्वतःला पण नाही. त्या दिवशी सामना संपल्यावर मी तुला विचारणार होतो. दोन वर्षं जे विचारलं नव्हतं ते. आणि मी त्या माणसाला मारलं, लोक ओरडायला लागले, आणि मला वाटलं, आता सगळ्यांना दिसू दे. आत ती आहे आणि तिला मी वाचवलं. पडद्यावर तुझ्या शेजारी माझा चेहरा यायला हवा होता मला. एवढंच. एवढ्यासाठी.

तू म्हणालीस, "मी दोनदा हलवला होता, हार्लन." त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस.

आणि पुढचं त्याहून वाईट. जुन्या पिसांची पाच जणांची बैठक बसली, मिस व्हर्नेल मधोमध, समोर टेबलावर गसचं डोकं. मला विचारलं. मी म्हणालो, "ती आतून म्हणाली, काढ." तू म्हणालीस, "मी बोलले नाही." पडद्यावरच्या चित्रात नुसती माझी पाठ, म्हणजे पुरावा नाही. रिवाज असा की दोघांच्या बोलण्यात फरक पडला तर पिसं दोघांनाही नाहीत. मी चिडून दार आपटून निघालो आणि त्याच आठवड्यात कॉलेजही सोडलं, जणू माझ्यावरच अन्याय झाला होता! तू मात्र राहिलीस. ज्या गावाने तुला पडलेली बघितलं त्याच गावात रोज वर्गाला गेलीस.

शेवटच्या वर्षाला, आपल्या गावातल्या शेवटच्या सामन्यानंतर, गस झालेल्याने मैदानाच्या मध्यभागी एकदाच आपल्या हाताने डोकं काढायचं आणि आपलं नाव ऐकायचं. त्यासाठी तू तीन वर्षं घाम गाळलास. मी ते तुझ्या हातातून काढून घेतलं, आणि मग वर तुलाच खोटं पाडलं.

हे सगळं आज मिस व्हर्नेलनाही लिहितोय, याच शब्दांत. त्या शेवटच्या सामन्याला, बावीस नोव्हेंबरला, अजून वेळ आहे. तुला मिळालं पाहिजे, मेरिली. माझं काय व्हायचं ते होऊ दे.

हार्लन

८ नोव्हेंबर, शनिवार

मेरिली,

मिस व्हर्नेलचं उत्तर आलं. तुला त्यांनी सांगितलंच असेल, तरी उतरवून देतो, कारण त्यांचं पत्र पुन्हापुन्हा वाचून घडीवर फाटायला आलंय.

"हार्लन, तुझं पत्र मी पाचही जणांपुढे उभी राहून वाचलं. माझा आवाज दोनदा बसला, तो रागाने. मेरिलीला पिसं परत मिळतील, गावातल्या शेवटच्या सामन्यापुरती. तिने होकार दिलेला नाही, विचार करते म्हणाली. तुझं नाव गसच्या डोक्याच्या आतल्या अस्तरावरून जाईल. ज्याचं नुकसान झालं त्यानेच ते खोडायचं असा रिवाज आहे, तेव्हा पेन तिच्याकडे दिलं आहे. उशिरा का होईना लिहिलंस. समुद्रावर वारा असतो, कानटोपी घालत जा."

त्या कानटोपीपाशी मी रडलो. कॅप्टन म्हणाले, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. मीच, एका यादीतून."

माझं नाव तुझ्या नावाखाली आहे, आठवतं ना? आजवर गस झालेल्यांची एकोणपन्नास नावं, पहिलं मिस व्हर्नेलचं. तू तुझं लिहिलंस आणि मला पेन देऊन म्हणालीस, "सरळ लिही. बगळा झाला म्हणून अक्षरही बगळ्याच्या पायासारखं नको." जोरात खोड. अस्तर फाटलं तरी मिस व्हर्नेल शिवतील.

तू विचार करतेयस. कर. पण एक सांगतो. 'ज्यांनी मला तसं बघितलं त्यांच्यापुढे पुन्हा कशाला' असं वाटत असेल, तर त्या लोकांना तुझा चेहरा आठवत नाही. त्यांना आठवतं ते एक डोकं, जे चुकीच्या माणसाने काढलं. ते बरोबर माणसाने काढलेलं त्यांना बघू दे.

हा सल्ला नाही. सल्ला द्यायला मी कोण? नुसतं म्हणतोय.

हार्लन

२२ नोव्हेंबर, शनिवार, सूर्य बुडताना

मेरिली,

रेडिओ आत्ता बंद केला, लगेच लिहायला बसलो.

तू होकार दिलास की नाही ते मला माहीत नव्हतं. सामन्याआधी मी कॅप्टनना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आज रेडिओ बंद करू नका. मला सामन्यानंतरचं ऐकायचंय."

"अशक्य."

"कॅप्टन, फक्त आज."

"सत्तावीस वर्षं!"

"तुम्ही ऐकू नका. मी ऐकतो."

त्यांनी बराच वेळ दाढी खाजवली. मग दोन मिनिटं उरल्यावर टोपी नीट केली, बर्फाच्या कोठीचं झाकण उघडलं आणि आत उतरले. कोळंबीत, बर्फात! आतून म्हणाले, "झाकण लाव. जिंकलो तर दोनदा पाय आपट. हरलो तर एकदा. आणि गाणीबिणी म्हणत बसू नकोस, मी म्हातारा आहे."

आपण दोन गुणांनी पुढे. ब्लेन टेकवाले शेवटचा चेंडू मारायला उभे, खांबांमधून गेला तर त्यांना तीन. मी एका पायावर, रेडिओला कान लावून. सांगणारा म्हणाला, सगळं स्टेडियम एका पायावर, मैदानाच्या कडेला गसही एका पायावर. मला कळेना आत कोण आहे. मग तो म्हणाला, "आणि हा गस जराही हलत नाही, बाकीचे डुलतात." मेरिली, मी कठडा धरला. न हलता उभी राहणारी तू एकटीच. मी दोन वर्षं डुललोय.

चेंडू डावीकडून बाहेर गेला. रेडिओ फुटेल एवढा आवाज. आणि मग हळूहळू शांत होत गेलं, मीठ पाण्यात जावं तसं. मग सांगणाऱ्याने हळू आवाजात सांगितलं: गस मध्यभागी चाललाय. थांबलाय. दोन्ही हात डोक्याला लावलेत.

"मेरिली गँट," कर्ण्यावरून नाव आलं, "टॅलवा."

आणि त्यानंतरचा तो आवाज! मी तो लिहू शकत नाही. त्याच लोकांचा, मेरिली. तेच चाळीस हजार. सांगणारा म्हणत होता, पहिल्या ओळीत एक माणूस कठड्यावर डोकं टेकून रडतोय, हातात मांस काढायचा चिमटा आहे. तुझे बाबा चिमटा ठेवायला विसरले.

मी किती वेळ तसा होतो कुणास ठाऊक. मग डेकखालून ठकठक. कॅप्टन! मी पाय आपटायचंच विसरलो होतो. झाकण उघडलं तर भुवयांवर बर्फ, मांडीवर कोळंबी.

"हरलो?"

"जिंकलो."

"मग आपटायला काय झालं होतं? गोठून मेलो असतो!" मग माझं तोंड बघून म्हणाले, "तिने काढलं?"

"काढलं. स्वतः."

त्यांनी टोपी काढली. या वेळी रेडिओ झाकायला नव्हे.

आभार, मेरिली. कशाचे ते विचारू नकोस. तू गेलीस मैदानात, त्याचे.

हार्लन

९ डिसेंबर, मंगळवार

मेरिली,

तुझं पाकीट काल बर्फवाल्याने आणून दिलं. आत पत्र नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं, दिव्यापुढे धरलं, कॅप्टनला दाखवलं. फक्त एक फोटो.

डोक्याच्या आतलं अस्तर. नावांच्या तीन ओळी दिसतात, आणि कडेला तुझा अंगठा. तुझ्या नावाखाली माझं. त्याच्यावर रेघ आहे. पेनची नाही. पेन्सिलची, पट्टी लावून मारावी तशी सरळ, आणि इतकी हलकी की खालचं प्रत्येक अक्षर वाचता येतं.

मी त्या फोटोचा अर्थ लावत बसणार नाही. मागच्या वेळी तू खूण केली होतीस, तेव्हा मी तिच्यावर माझं मन चढवलं आणि काय झालं ते आपण बघितलं. एवढंच म्हणतो की रेघ आहे हे बरोबर आहे. आणि नाव वाचता येतं ही तुझी मेहेरबानी, माझा हक्क नव्हे. कुणी कधी रबर घेऊन आलं तर येऊ देऊ नकोस. दोन्ही तसंच राहू दे.

जानेवारीत मी कॉलेजला परत नाव घालतोय. मिस व्हर्नेलनी विचारलं होतं, सुईदोरा येतो का. मी लिहिलं, जाळं शिवता येतं. त्या म्हणाल्या, शेपटीची पिसं अजून नीट बसलेली नाहीत, दर गुरुवारी ये, आणि तोंड बंद ठेव. तोपर्यंत तू पदवी घेऊन निघायच्या तयारीत असशील. मी तुझ्या वाटेत येणार नाही. समोर दिसलीस तर तू जी खूण करशील तीच खरी, मग ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची का असेना.

जे विचारायचं होतं ते विचारत नाही. ते आहे, एवढं तुला माहीत आहे. पुरे.

काल फोटो बघून झाल्यावर मी डेकवर गेलो, चक्र चालू केलं आणि उत्तरेकडे तोंड करून उजवा हात वर केला. दोनदा.

दोरापाशी बसलेल्या कॅप्टननी बघितलं. "काय रे? कुणाला बोलावतोस?"

"बोलावत नाही, कॅप्टन. ठीक आहे म्हणून सांगतोय."

मग त्यांनीही हात वर केला, पंजा उघडा, आणि मी चक्र चालू ठेवलं.

हार्लन